.३१५ रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरता येतात का?

कोरडवाहू_दारव्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमची शेती आहे आणि वडिलांच्या पश्चात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांची .३१५ बोरची रायफल माझ्या नावावर झाली. तुरीला शेंगा धरल्या की रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शेतात उतरतात, म्हणून जागलीला जाताना ती सोबत असते. जनावर मारायचे तर वनविभागाची परवानगी वेगळी लागते, हे मला ठाऊक आहे. प्रश्न त्याबद्दल नाही. काडतुसे महाग झाली आहेत आणि रायफलीचा नेम तपासायचा म्हटले तरी प्रत्येक बार मोजून काढावा लागतो. अमेरिकेतील नवशिके लोक झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या स्वस्तात मिळवून घरीच भरतात, असे व्हिडिओ माझ्या मुलाने मला दाखवले. वडिलांच्या वेळेपासूनच्या चाळीसेक पुंगळ्या माझ्याकडे डब्यात पडून आहेत. त्या कामी येतील का, आणि न आल्यास अशा पुंगळ्या स्वस्तात कोठे मिळतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोर्शीचा_टेक्सासकर

दादा, मी मूळचा मोर्शीचा. गेली काही वर्षे टेक्सासमध्ये आहे आणि इथे हा छंद करतो. त्यामुळे इथले सांगतो; तिथे काय चालते ते इतर मंडळी सांगतील.

काडतुसाच्या चार भागांपैकी, म्हणजे पुंगळी, टोपी (बुडात बसणारी, मार बसताच दारू पेटवणारी), दारू आणि गोळी यांपैकी, पुन्हा वापरता येते ती फक्त पुंगळी, आणि सहसा सर्वांत महागही तीच असते. म्हणून इथे नवशिक्याला पहिला सल्ला असा मिळतो की दुकानातून तयार काडतुसे घ्यावीत, झाडावीत आणि आपल्याच रायफलीतून निघालेल्या पुंगळ्या जपून ठेवाव्यात, कारण त्यांचा इतिहास आपल्याला माहीत असतो. दुसरा मार्ग म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर पडलेल्या पुंगळ्या, पण त्या विचारल्याशिवाय उचलू नयेत, कारण काही मैदाने त्यांवर स्वतःचा हक्क सांगतात. तिसरा मार्ग एकदाच झाडलेल्या लष्करी पुंगळ्यांचा, ज्या शेकड्याने किंवा वजनावर विकल्या जातात. .२२३ आणि .३०८ या मापांत त्या मुबलक मिळतात, मात्र त्यांच्या टोपीभोवतीची कड दाबून बसवलेली असते आणि ती काढल्याशिवाय नवी टोपी नीट बसत नाही. त्यातून मशीनगनमधून निघालेल्या पुंगळ्या फुगलेल्या असतात, त्या मापात आणताना हात दुखून येतात.

स्वस्त माल घेतला की निवडण्याचे काम वाढते. निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या भिंती कमी-जास्त जाड असतात, त्यामुळे आतली जागा बदलते आणि तेवढ्याच दारूने दाब वेगळा येतो. म्हणून बुडावरचा छाप पाहून ढीग वेगळे करावे लागतात. मानेला उभी चीर दिसली तर पुंगळी फेकायची. बुडाच्या थोडे वर चकचकीत कडे दिसले, किंवा वाकवलेल्या तारेचे टोक आतून फिरवताना तिथे खाच लागली, तरी फेकायची, कारण पुढच्या बाराला ती तिथेच तुटू शकते. पुंगळी लांबलेली असेल तर कापावी लागते: .३०८ साठी कमाल लांबी २.०१५ इंच आहे. लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादी पुंगळ्या मी बाजूला टाकतो. पहिल्या वर्षी स्वस्त म्हणून घेतलेल्या मिश्र मालातला बराचसा मी भंगारात दिला, हे कबूल करतो.

अमरावती_वकील

टेक्सासकरांनी सांगितलेले तिथले आहे, ते तिथेच राहू द्यावे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही, आणि माझ्या मते रिकामी पुंगळी घरी भरणे हे दारूगोळा तयार करणेच ठरेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनासाठी किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. एका काडतुसामागे वाचणाऱ्या पैशांशी याची तुलनाच होत नाही.

दुसरी बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही धरलेली आहेत. किरकोळ सुटे भाग बाळगण्याला कलम ४५ मध्ये सूट आहे. परंतु ते भाग पूरक भागांसोबत वापरण्याचा उद्देश नसेल, तरच. म्हणजे डब्यातील पुंगळ्या आठवण म्हणून पडून असणे वेगळे, आणि त्याच पुंगळ्यांशेजारी टोप्या व दारू सापडणे वेगळे. त्यामुळे पुंगळ्या विकत घेण्याचा विचार सोडावा. असलेल्या पुंगळ्याही भंगारवाल्याला न देता काडतुसांच्या खरेदीच्या पावत्यांसोबत ठेवाव्यात, कारण बऱ्याच ठिकाणी नवी काडतुसे देण्यापूर्वी जुन्यांचा हिशोब मागतात.

निवृत्त_फिटर_नागपूर

मी एका आयुध निर्माणीत पितळेच्या कामावर होतो, म्हणून धातूबद्दल दोन शब्द लिहितो. पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. ते ओढून-ओढून नळीसारखे करतात आणि प्रत्येक ओढीनंतर तापवून नरम करतात, कारण पितळ ओढल्या-दाबल्याने कडक होते. तयार पुंगळीचे बूड कडक आणि मान नरम असावी लागते. प्रत्येक बाराला मान फुगते, मापात आणताना आवळली जाते आणि शेवटी चिरते. हौशी माणूस मान तापवतो ते ठीक. पण उष्णता बुडापर्यंत पोहोचली तर ती पुंगळी धोकादायक होते.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या जुन्या पुंगळ्यांचे जमणे कठीण आहे. आत डोकावल्यावर बुडाला मधोमध एकच भोक असेल तर ती टोपी बसवण्याची बॉक्सर पद्धत. दोन बारीक भोके आणि मध्ये उंचवटा असेल तर बर्डन. बर्डनची टोपी व्हिडिओत दाखवतात तशी आतून सळई घालून निघत नाही. गंमत अशी की या पद्धती ज्यांच्या नावाच्या, त्यांपैकी बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालते ती बॉक्सरची पद्धत.

आता विचारलेले नसताना एक सांगतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न झाडताच चिरत असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत उरलेला ताण यांमुळे ते होते, असा उलगडा १९२१ मध्ये झाला. तुम्ही काडतुसे कोठे ठेवता?

कोरडवाहू_दारव्हा

सर्वांचा आभारी आहे. पुंगळ्यांत दोन भोकेच दिसली आणि भरण्याचा विषय मी सोडला. काका, आमचे लोखंडी कपाट गोठ्याला लागून असलेल्या खोलीत आहे आणि शेजारीच युरियाच्या गोण्या असतात. तुमचा प्रतिसाद वाचून सगळी काडतुसे उजेडात पाहिली, तेव्हा वडिलांच्या वेळच्या दोन भरलेल्या काडतुसांच्या मानेवर केसासारखी उभी रेघ आढळली. ती झाडली तर चालतील का?

निवृत्त_फिटर_नागपूर

झाडू नका आणि गोळी उपसण्याचाही प्रयत्न करू नका. ती दोन वेगळी ठेवून परवान्यासह पोलीस ठाण्यात कळवा आणि ते सांगतील त्याप्रमाणे जमा करा. कपाट आजच हलवा.

अमरावती_वकील

जमा करताना पोच घ्यायला विसरू नका.