विषय: जुलैअखेर अम्मारनेस, विंदेल नदीवर फ्लाय फिशिंग

प्रेषक: उप्साला

काका, नमस्कार.

जुलैच्या शेवटी मी, बायको आणि मेहुणा गाडीने उत्तर स्वीडनमधल्या अम्मारनेसला जातोय. तंबू घेतलाय, पाच नंबरचे दोन रॉड आहेत, मागच्या मैदानात कास्टिंगचा, म्हणजे दोरी फेकण्याचा, सराव चालू आहे. तुम्ही इतकी वर्षं तिकडे आहात, म्हणून दोन प्रश्न. इथलं रान सगळ्यांना मोकळं असतं, तशी मासेमारीही मोकळीच ना? आणि एवढ्या मोठ्या नदीत नवख्याने उभं राहायचं तरी कुठे?

प्रेषक: उमेओ

अरे, मोकळी नाही. रानात हिंडा, तंबू ठोका, ब्लूबेरी खुडा, ते सार्वजनिक हक्कात बसतं. मासेमारी बसत नाही. समुद्रकिनारा आणि वेनेर्न, वेत्तेर्नसारखी पाच मोठी तळी सोडली, तर बहुतेक पाण्यांवर फिस्केकोर्त, म्हणजे मासेमारीचं परवाना कार्ड, काढावंच लागतं. एकाच नदीच्या दोन पट्ट्यांना दोन वेगळी कार्डं लागू शकतात, तेव्हा नकाशा नीट बघ. कार्डावर ‘हर’ दिसलं की ग्रेलिंग मासा, ‘ओरिंग’ म्हणजे ट्राउट मासा. किमान लांबी, दिवसाला किती ठेवायचे, बंदीचा काळ, सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

आता उभं कुठे राहायचं. पाण्यात उतरण्याआधी काठावर बस आणि दगड बघ. या नदीची सगळी गोष्ट दगडांची आहे. शंभराहून जास्त वर्षं इथून लाकडाचे ओंडके खाली सोडत. ते अडकू नयेत म्हणून खालच्या भागातले आणि उपनद्यांमधले मोठाले धोंडे फोडले, काठाला सारले, बाजूचे फाटे बांध घालून बंद केले. शेवटचे ओंडके १९७६ साली वाहिले. त्याआधी १९७० मध्ये सरकारने विंदेलवर वीजधरणं बांधायची नाहीत असं ठरवलं होतं. लोक त्यासाठी भांडले होते, म्हणून आज तुला ही नदी वाहती दिसते. पण दगड गेले ते गेलेच. २०१० नंतर युरोपीय संघाच्या मदतीने कितीतरी उपनद्यांत यंत्रं उतरवून धोंडे परत टाकले, माशांना अंडी घालायला खडी पसरली. असा दुरुस्त केलेला ओढा दिसला तर जरूर थांब. माणसाने केलेलं नुकसान माणसानेच हातांनी भरून काढलेलं पाहून मला दर वेळी भरून येतं.

धोंड्याच्या पुढे आणि मागे पाणी संथ असतं. ट्राउट तिथे कमी कष्टात टिकून राहतो आणि शेजारच्या वेगवान धारेतून वाहत येणारं खाणं टिपतो. काठाची सावली, पाण्यात झुकलेली झुडपं हीही त्याचीच घरं. ग्रेलिंग जास्त करून उघड्यावर, खडीच्या तळावर, बऱ्याचदा थव्याने असतो. तो तळाशी पडून राहतो, सरळ वर येतो, माशी टिपून पुन्हा खाली जातो. म्हणून वर्तुळ उठलं त्याच्या बरंच वरच्या अंगाला आपली माशी, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, टाक. दोरीला प्रवाहाचा ताण बसून माशी पाण्यावर ओढली गेली की ग्रेलिंग तोंड फिरवतो. पाण्यावर पडलेली दोरी रॉडने वरच्या अंगाला उचलून ठेवायला शीक, लांब फेकण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

माश्या फार नकोत. जुलैत कॅडिस नावाचे किडे खूप उडतात, त्यांची नक्कल घे, आणि क्लिंकहॅमर नावाची नकली माशी घेच. हान्स फान क्लिंकेन या डच माणसाने १९८० च्या दशकात नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर ग्रेलिंगसाठीच ती बांधली. तिचं अंग पृष्ठभागाखाली लोंबतं, कोशातून निघणाऱ्या किड्यासारखं. बाहेर या दिवसांत रात्रीही अंधार पडत नाही, तेव्हा घाई करू नका, जेवून मग निघा.

प्रेषक: गोथेनबर्ग

काका, वाचून छान वाटलं, पण एक विचारते. मी मालवणची. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, मासा अंडी घालतो म्हणून. नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात, मग पुन्हा समुद्रात. ते मला समजतं. पण गळाला लावून दमवायचं आणि सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. भूक नसेल तर त्याला त्रास कशाला?

प्रेषक: उमेओ

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी नुसत्या सोडण्यासाठी दिवसभर मासे पकडत नाही. जेवणाला लागेल तेवढा, नियमात बसणारा एक ठेवायचा, तो डोक्यावर फटका देऊन लगेच मारायचा आणि गळ गुंडाळायचा. पण थंड पाण्यात वाढ फार हळू होते. मोठी ग्रेलिंग मादी म्हणजे पुढच्या वसंताची अंडी, ती परत गेलीच पाहिजे. ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो, म्हणून बंदीचा काळही दोघांचा सारखा नसतो. सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाका, हात ओले करा, मासा पाण्याबाहेर उचलू नका. पाणी वीस अंशांच्या वर गेलं तर त्या दिवशी ट्राउटच्या वाटेला जाऊच नका, सोडलेलाही मरतो.

प्रेषक: उप्साला

काका, ठरलं, रोज एकच. परतताना सीमेपलीकडे नॉर्वेतल्या नदीवरही एक दिवस थांबावं म्हणतोय.

प्रेषक: उमेओ

मग वेडर्स (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार), जाळी, बूट, सगळं निर्जंतुक करूनच तिकडच्या पाण्यात उतरायचं. गायरोडॅक्टिलस नावाचा बारीक परजीवी स्वीडनकडच्या माशांबरोबर १९७० च्या दशकात तिकडे गेला आणि नॉर्वेच्या कित्येक नद्यांतले सामन (सॅल्मन) मासे संपले. इथल्या बाल्टिक सामनला तो फारसा बाधत नाही, म्हणून आपल्याला दिसतही नाही. निर्जंतुकीकरणाची सोय कुठे आहे ते नदीचं कार्ड काढताना विचार, पावती मिळाली तर जवळ ठेव. आणि वेडर्सचा कमरपट्टा नेहमी घट्ट आवळ. पडलास तर आत पाणी कमी शिरतं. मेहुण्यालाही सांग.