शब्दचर्चा: एटीपी सिंथेज ऊर्जा ‘निर्माण करतं’ का?

प्रश्न: जीवशास्त्रावरच्या एका मजकुराचा अनुवाद करतेय. एक वाक्य असं बसवलंय: ‘हे आवरणातलं प्रथिन हरितलवकाला ऊर्जा निर्माण करायला मदत करतं.’ प्रथिन म्हणजे एटीपी सिंथेजचा ‘सी’ घटक (एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू, आणि सिंथेज हे तो तयार करणारं विकर, म्हणजे एन्झाइम). वाक्य खटकतंय, पण नेमकं कुठे ते कळत नाही. आणि सिंथेजला मराठी शब्द काय घ्यावा?

उत्तर: खटकण्यासारखं तीन ठिकाणी आहे. ‘आवरण’ म्हटलं की हरितलवकाच्या बाहेरचं दुपदरी वेष्टन डोळ्यांपुढे येतं. हे प्रथिन तिथे नसतं, ते आतल्या थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या पटलात असतं. ‘ऊर्जा निर्माण’ तर काढाच. ऊर्जा निर्माण होत नाही, हे एका धड्यात शिकवायचं आणि पुढच्याच धड्यात पेशीला ती निर्माण करायला लावायची, हा आपला जुना खेळ. प्रकाशाच्या जोरावर थायलॅकॉइडच्या पिशवीत प्रोटॉनांची दाटी होते, ते बाहेर पडताना एटीपी तयार होतं. तिसरं म्हणजे ‘मदत करतं’. कसली मदत, ते सांगितल्याशिवाय हे क्रियापद पोकळच.

प्रश्नकर्ती: मग ‘सी’ नेमकं करतं काय?

उत्तर: पालकाच्या पानांतल्या हरितलवकात असे 14 ‘सी’ पटलात कडं करून बसलेले असतात. एकेक ‘सी’ एक प्रोटॉन उचलतो, कडं पाऊलभर सरकतं, आणि जवळजवळ पूर्ण फेरी मारून तो प्रोटॉन पलीकडे उतरतो. मला तर हे सरळ रहाटगाडगंच वाटतं. एका फेरीत 14 प्रोटॉन उतरतात आणि 3 एटीपी मिळतात.

आणखी एक वाचक: उपमा छान, पण उलटी. रहाटाला फिरवावं लागतं, तेव्हा पाणी वर येतं. इथे प्रवाहच चाक फिरवतो, म्हणजे ही पाणचक्की झाली. अर्थात भरायचं, फिरायचं, रिकामं व्हायचं, ही चाल मात्र गाडग्यांचीच!

सिंथेजबद्दल: ‘संश्लेषक विकर’ म्हणता येईल, पण मग सिंथेटेजला काय म्हणणार? जुन्या वापरात सिंथेटेज म्हणजे दोन रेणू जोडताना एटीपीसारखा रेणू खर्च करणारं विकर, आणि सिंथेज म्हणजे तसा खर्च न करणारं. आपलं विकर तर एटीपी कमावणारं. दोघांना एकच मराठी शब्द दिला तर हा फरक बुडतो. मी ‘सिंथेज’च ठेवीन.

प्रश्नकर्ती: आणि ‘तयार करतं’ऐवजी ‘जोडतं’ चालेल? शेवटी एडीपीला (म्हणजे एक फॉस्फेट कमी असलेल्या एटीपीला) फॉस्फेट जोडायचं असतं.

उत्तर: चुकीचं नाही, पण जोर भलतीकडे जातो. 1997 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्यांतले पॉल बॉयर यांचं म्हणणंच हे होतं की ऊर्जा मुख्यतः जोडणीला लागत नाही. जोडणी विकराच्या खाचेत फारशा खर्चाविना होते. पण तयार झालेलं एटीपी तिथे घट्ट धरलेलं असतं, आणि कड्याच्या फिरण्याने ती पकड सैल होते. म्हणून माझं मत ‘सोडवतं’ला.

प्रश्नकर्ती: मग असं लिहू? ‘थायलॅकॉइडच्या पटलातल्या कड्याचा हा एक मणी. प्रोटॉन वाहून नेता नेता हे कडं फिरतं आणि त्या फिरण्याने विकराच्या पकडीतलं एटीपी सुटतं.’

उत्तर: ‘मणी’ माझ्या डोक्यात आलं नसतं. राहू द्या.

आणखी एक वाचक: जाता जाता, पटलातल्या या भागाचं नाव बरेच जण ‘एफ-शून्य’ लिहितात. एफ-वनच्या (विकराचा पटलाबाहेरचा, एटीपी तयार करणारा भाग) शेजारी बसल्यामुळे शून्यच वाटतं, पण तो ‘ओ’ आहे, ऑलिगोमायसिन या प्रतिजैविकातला. तेव्हा ‘एफ-ओ’ लिहा.