गिटमध्ये .डीएलएल आणि .एसओ फाइली: ठेवायच्या कुठे?

नमस्कार मंडळी,
सी++ चा प्रकल्प आहे, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतो. बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या तयार (कंपाइल केलेल्या) फाइली, म्हणजे विंडोजच्या .डीएलएल आणि लिनक्सच्या .एसओ, थेट गिटमध्ये टाकलेल्या आहेत. क्लोनला (रेपोची, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्याची, इतिहासासकट प्रत उतरवायला) फार वेळ लागतो. त्या डिलीट करून कमिट केलं, तरी रेपोचा आकार तेवढाच. काय करावं?

———

जुन्या कमिटांत त्या फाइली आहेतच, मग आकार घटणार कसा? सोर्सचा नुसता फरक साठवून भागतं; बायनरी (तयार फाइल) पुन्हा कंपाइल केली की आतले पत्ते सरकतात आणि फरकच भलामोठा निघतो.

इतिहास साफ करायला गिट फिल्टर-रेपो हे टूल वापरा. ‘पाथ’ला लायब्रऱ्यांचं फोल्डर द्या, सोबत ‘इन्व्हर्ट-पाथ्स’ (म्हणजे तेवढंच फोल्डर वगळलं जातं). ताज्या क्लोनवरच चालवा आणि त्याआधी एक मिरर क्लोन (सगळ्या रेपोची हुबेहूब प्रत) बाजूला ठेवा. कमिटांचे हॅश (ओळख क्रमांक) बदलतात, म्हणून सगळ्यांनी नव्याने क्लोन करायचं. एकाने जरी जुन्या क्लोनमधून मर्ज करून पुश केलं, तरी सगळा कचरा परत आत!

यापुढे गिटमध्ये बायनरीची फक्त कृती, म्हणजे कुठली आवृत्ती आणायची त्याची नोंद, राहू दे: कोनान किंवा व्हीसीपीकेजी ही सी++ ची पॅकेज मॅनेजर आहेत; त्यांतल्या कोनानची लॉकफाइल किंवा व्हीसीपीकेजीच्या मॅनिफेस्टमधली बेसलाइन. ‘अमुकच्या पुढची कुठलीही आवृत्ती’ असं सैल लिहू नका. तयार फाइली पॅकेज सर्व्हरवर, आणि ओएस, आर्किटेक्चर, कंपायलर, डीबग की रिलीज यांनुसार वेगवेगळ्या. विंडोजवर डीबगची सी++ स्टॅटिक लायब्ररी रिलीजला जोडली तर लिंकर एलएनके२०३८ ही (जुळत नसल्याची) एरर देऊन निदान ओरडतो. लिनक्सवर मात्र उबंटू २२.०४ वर (तिथली मूळ सी लायब्ररी, ग्लिबसी, २.३५) बांधलेली .एसओ उबंटू २०.०४ वर (ग्लिबसी २.३१) ऐन चालवताना अडू शकते. म्हणून ज्यावर चालवायचंय त्यातल्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर बांधा.

———

वरचं पटलं, पण विक्रेता सोर्स देतच नसेल आणि फाइली दोन-चारच असतील, तर त्यासाठी पॅकेज सर्व्हर कोण सांभाळणार? गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या साठवून गिटमध्ये फक्त त्यांचा निर्देश ठेवणारी जोडणी) पुरतं. आधी ‘ट्रॅक’, मग ‘ॲड’. क्रम उलटला तर फाइल साध्या गिटमध्येच जाते. गिटहब १०० एमबीवरची साधी फाइल घेतच नाही. बिल्ड सर्व्हरवर एलएफएस नसेल, तर लायब्ररीऐवजी सुमारे १३० बाइटांची, नुसता तो निर्देश असलेली मजकुराची फाइल उतरते आणि लिंकर ‘फॉरमॅट ओळखता येत नाही’ म्हणतो. तेव्हा आधी फाइलचा आकार बघा, लिंकरचे फ्लॅग नंतर.

———

दोन-चार फाइलींना एलएफएस चालेल. फक्त .पीडीबी (विंडोजची डीबग माहितीची फाइल) त्याच बिल्डची सोबत ठेवा. त्याच सोर्समधून पुन्हा बांधलेली .पीडीबी जुन्या .डीएलएलशी जुळत नाही, आणि मग ग्राहकाकडून आलेला क्रॅश डंप (प्रोग्रॅम कोसळतानाची मेमरीची नोंद) नीट वाचता येत नाही.