शब्द हवाय: गर्डरवर बसवायच्या लाकडाला काय म्हणतात? आणि जॉइस्ट म्हणजे वासा का कडी?

कौलारू:
मंडळी, एका कामात अडकलेय. देवगडकडच्या आमच्या जुन्या घराची माजघरावरची तुळई वाळवीने आतून खाल्लीय, वरून धडधाकट दिसते पण ठोकून बघितलं की पोकळ वाजते. तेवढ्या लांबीचं ऐनाचं लाकूड आता मिळत नाही, सागाचा भाव विचारायची सोय नाही, म्हणून पुण्याच्या इंजिनिअरने तिथे लोखंडी गर्डर टाकायला सांगितलाय, आयएसएमबी 200 (इंग्रजी I च्या आकाराचा, 200 मिमी उंचीचा). ड्रॉइंग सगळं इंग्रजीत, आणि ते मेस्त्र्यांसाठी मराठीत लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात (घरात 'मराठी चांगलं' म्हणून नाव झालं की असं होतं). गर्डरच्या वरच्या फ्लँजवर (म्हणजे वरच्या सपाट आडव्या भागावर) एक लांब लाकूड बोल्ट मारून बसवायचंय, 100 मिमी रुंद आणि 50 जाड, त्याच्यावर दोन्ही पाख्यांचे (छपराच्या दोन उतारांचे) वासे येऊन टेकणार आणि तिथेच ठोकले जाणार. ड्रॉइंगमध्ये त्याला 'नेलर' लिहिलंय. आपल्यात शब्द काय ह्याला? दुसरं म्हणजे ड्रॉइंगभर 'रूफ जॉइस्ट' आहे, मी सगळीकडे वासे लिहिलं तर मामा म्हणतात चूक, जॉइस्ट म्हणजे कडी. मेस्त्री फोनवर म्हणाले "तुमी कायपण लिवा, माका कळतला".

रंधा:
मेस्त्री बरोबर बोलले, विषय संपला :)
पण विचारलंय तर सांगतो. वासा उतरता असतो, आढ्यापासून वळचणीपर्यंत. कडी सपाट, एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर, तिच्यावर पाट टाकले की कडीपाट. तुमचं छप्पर कौलारू आहे ना, मग वासेच. इंजिनिअरने स्लॅबच्या जमान्यातला शब्द सवयीने टाकला असणार. मामांना सांगा वर चढून बघा.

आडवातिडवा:
थांबा थांबा, सगळी छपरं उतरतीच असतात असं कोकणातल्या लोकांना वाटतं. आमच्या सोलापूरकडे माळवद. छप्परच सपाट, खाली नाट म्हणजे जाड तुळया, त्यावर कड्या, त्यावर किलचन म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या अंथरायच्या, मग पाला आणि वर पांढरी माती. तिथे रूफ जॉइस्ट म्हणजे कडीच की, वासा म्हटलं तर आमचे आजोबा हसले असते. म्हणजे मामा बरोबर, फक्त जिल्हा चुकला.

लीड्सकर:
इकडे इंग्लंडमध्ये अजून गंमत. लोखंडी बीमलाच सगळे आरएसजे म्हणतात, म्हणजे रोल्ड स्टील जॉइस्ट. तर आमच्या घरामागे खोली वाढवली तेव्हा बिल्डर म्हणायचा "जॉइस्ट जॉइस्टवर बसतील" आणि मी घोळात, की लाकडी कुठला आणि लोखंडी कुठला. तिरप्याला मात्र इथे राफ्टरच म्हणतात, जॉइस्ट म्हणत नाहीत. आमचं छप्पर सपाट होतं त्यामुळे जॉइस्ट ठीक.
आणि त्याने लाकूड गर्डरच्या वर नाही बसवलं, उंची वाचवायला म्हणून गर्डरच्या पोटात, म्हणजे वरच्या आणि खालच्या फ्लँजच्या मधल्या खोबणीत लाकडं भरून बोल्ट मारले आणि जॉइस्ट त्याला पत्र्याच्या खोळीत, म्हणजे हँगरमध्ये अडकवले. जॉइस्टची वरची कड मुद्दाम लोखंडाच्या थोडी वर ठेवली होती. मला वाटलं माप चुकलं. तर म्हणे लाकूड वाळलं की आडवं आकसतं, लोखंड आकसत नाही, समपातळीत बसवलं तर वर्षभराने बरोबर गर्डरच्या रेषेत वर उंचवटा दिसायला लागतो.

शुद्धमती:
चर्चा वाचून खेद वाटला. गर्डर, फ्लँज, बोल्ट, हँगर, नेलर... क्रियापदं तेवढी मराठी उरलीत. भाषा संचालनालयाचा स्थापत्य अभियांत्रिकी परिभाषा कोश आहे, तो उघडायचे कष्ट कोणी घेणार का? माझी सूचना: लोहतुळई, आणि तिच्यावरची ती काष्ठपट्टिका.

गिरगावची चाळ:
काष्ठपट्टिका??? मेस्त्री छपरावरून पडायचे ऐकून.
आमच्या चाळीत दुरुस्तीला आले तेव्हा कुजलेल्या तुळईच्या शेजारी गर्डर घातला आणि वरच्या कड्या आणि गर्डर ह्यांच्यामध्ये जिथे जिथे फट राहिली तिथे लाकडाच्या पाचरी मारल्या. टेकू, पाचर, गुटका (लाकडी ठोकळा), एवढ्या तीन शब्दांवर अख्खी चाळ अजून उभी आहे. पाचर सुकली की सैल होते आणि मग वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खाली कुरकुर ऐकू येते, ते वेगळं. कोणीतरी परत येऊन ठोकून जातं.
कौलारूताई, मी त्याला नुसतं 'पट्टी' लिहीन.

रंधा:
पट्टी नको. पट्टी म्हटली की सुतार रिपेसारखं बारीक काहीतरी आणतो. दोन इंच जाड आहे ते. 'बैठक' लिहा, वाशाची बैठक. खाली कंसात माप.

कौलारू:
बैठक आवडलं. पण आत्या म्हणते भिंतीवर वासे ज्याच्यावर टेकतात त्याला ती लहानपणापासून 'पाट' ऐकत आलीय. मग गर्डरवरचं पण पाटच का नाही?

आडवातिडवा:
कारण पाट कडीपाटातला पाट झाला ना वर. एका कागदावर दोन पाट, मग झालंच.

खोदकाम:
मला हे सगळं लाकूडतोडीपेक्षा शब्दतोडीसाठी आवडतंय. वासा हा संस्कृत वंशावरून, वंश म्हणजे बांबू. तुळई तुलेवरून, तराजूची दांडी तीच तुला. पाखं म्हणजे पक्ष, पंख. मेस्त्री पोर्तुगीज मेस्त्रवरून, कैची तुर्की. आणि इंग्रजी जॉइस्ट जुन्या फ्रेंचमधून आलाय, मूळ अर्थ 'पडून राहणे', म्हणजे आडवं पडलेलं ते. म्हणून व्युत्पत्तीच्या न्यायालयात मामा जिंकले, जॉइस्ट = कडी. 'बडा घर पोकळ वासा' ह्याचंही उत्तर ह्यातच, वासा मुळात बांबू, म्हणून पोकळ.

गिरगावची चाळ:
अहो पण बांबू पोकळच असतो, त्यात टोमणा कसला? "मोठं घर आणि बांबू पोकळ", ही काय म्हण झाली? घर मोठं, वासा भरीव असायला हवा होता तो पोखरलेला निघाला, म्हणून म्हण. कौलारूताईंची तुळई बघा, वरून साजरी, आत काही नाही.

खोदकाम:
म्हणी न्यायाने चालत नाहीत. मोठ्या घराला सागाचे वासे हवेत, ह्यांनी बांबूवर भागवलं, हा टोमणा. साधं आहे.

गिरगावची चाळ:
कोकणात बांबूचे, सुपारीचे, माडाचे वासे गरिबांच्याच नाही तर बऱ्या घरांनाही असायचे. पडवीला तर सर्रास.

सिव्हिलवाला:
शब्दांचं चालू द्या, पण ताई कागदावर ह्या गोष्टी लिहिल्या नाहीत तर शब्द कितीही छान असला तरी उपयोग नाही. एक, गर्डरची भोकं खाली जमिनीवर असतानाच पाडून घ्या, वर चढवल्यावर ड्रिल धरून उभं राहायला जागा नसते आणि मग कोणीतरी गॅसने भोक जाळतो. दोन, 12 मिमीचे बोल्ट, साधारण दोन दोन फुटांवर, वेबच्या (गर्डरच्या मधल्या उभ्या भागाच्या) एकदा ह्या बाजूला एकदा त्या बाजूला, एका रांगेत नकोत. समुद्राजवळ आहात तर गॅल्व्हनाइज्डच घ्या. तीन, रेड ऑक्साइड आणि रंग लाकूड बसवायच्या आधी, नंतर त्या फटीत ब्रश जात नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. वाशाला खाच मारून बसवणार असाल तर खाच वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, मेस्त्री लोकांना घट्ट बसवायच्या नादात अर्ध्यापर्यंत जायची सवय असते.
आणि मुख्य म्हणजे वासा नुसता खिळ्यावर सोडू नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडात शिरलं तेव्हा कौलं तर गेलीच, पण कित्येक ठिकाणी वासेसुद्धा उचकटले. छपराचं वजन खाली दाबतं एवढाच हिशेब लोक करतात, वारा खालून वर उचलतो हे धरत नाहीत. खिळा सरळ वर ओढला की निघतो. गर्डरला अँगलचे (काटकोनी लोखंडी पट्टीचे) तुकडे आधीच वेल्ड करून ठेवा आणि वाशाला बाजूने आरपार बोल्ट. वेल्डिंग लाकूड चढवायच्या आधी, हे सांगायला नको पण सांगतो.

शुद्धमती:
वरील प्रतिसादात मराठी शब्द मोजून पाहावेत.

सिव्हिलवाला:
खाल्ल्या घरचे वासे मोजतात तसे का?

लीड्सकर:
:D

शुद्धमती:
हसण्यावारी नेऊ नका. सुताराने शब्द ऐकलाच नाही तर तो रुळणार कसा? तुळई हा शब्द अजून टिकलाय तो कोणीतरी वापरत राहिलं म्हणूनच. लोखंडाची झाली म्हणून तुळईची गर्डर का व्हावी? काम तेच, जागा तीच.

रंधा:
हा मुद्दा मात्र पटतो. 'लोखंडी तुळई' लिहायला काहीच हरकत नाही, मेस्त्र्याला पण कळेल. काष्ठपट्टिकेला मात्र माझा विरोध कायम.

आडवातिडवा:
लोखंडी तुळई घ्यायला दुकानात गेलात तर माणूस तोंडाकडे बघत बसेल, तिथे गर्डरच म्हणावं लागेल, आणि किती किलो ते आधी सांगावं लागेल.

कौलारू:
बरं मी आत्तापुरतं असं लिहिलंय: "तुळईच्या जागी गर्डर. गर्डरवर वाशांची बैठक, सागवान, वाळवीचं औषध लावून." मामांना 'वासे' अजून मान्य नाही, त्यांनी खोडून 'कड्या' केलंय आणि आत्याने त्याच्यावर परत वासे लिहिलंय. मेस्त्री विचारतायत बोल्टचं डोकं वर का खाली.

सिव्हिलवाला:
डोकं वर, लाकडात बुडवून, वायसर घालून. नट खाली, म्हणजे लाकूड सुकून सैल झालं की पुढच्या वर्षी माजघरातून शिडी लावून आवळता येतो. वर नट ठेवलात तर कौलं उतरवावी लागतील.

खोदकाम:
'वायसर' वरून आठवलं, वॉशरचं हे रूप फक्त आपल्याकडेच आहे का गुजरातीतही? आणि गिरगाववाले, बांबूचे वासे बऱ्या घरांना पण होते म्हणता, मग तर म्हण माझ्याच बाजूने जाते. घर बरं होतं तरी वासा पोकळ.

गिरगावची चाळ:
अहो पडवीला म्हटलं मी, पडवीला! माजघरावर बांबू कोण घालतो?