केर्नरच्या १२० वेली: ठेवू की उपटू?

निफाडची_लेक
नमस्कार मंडळी. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरी थॉमसन द्राक्षांचा बाग. गेली नऊ वर्षं जर्मनीत हाइलब्रॉनजवळ राहते. शेजारच्या आजोबांचे गुडघे साथ देईनात म्हणून उतारावरचा त्यांचा बाग आता मी बघते. १२० वेली, सगळ्या केर्नर.

हा वाण इथलाच. वाइन्सबर्गच्या संस्थेतल्या आउगुस्ट हेरोल्ड यांनी १९२९ साली ट्रॉलिंगर या लाल द्राक्षाचा रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाशी संकर केला, त्यातून हे पांढरं द्राक्ष आलं. नाव मिळालं वाइन्सबर्गमध्ये राहिलेल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टर-कवीचं. बागेत उभं राहिलं की त्याच वाइन्सबर्गचा पडका किल्ला दिसतो.

गेल्या वर्षी वाइन केली ती पातळ, शेवटी गोडसर. जूनअखेर भुरी (पानांवर-घडांवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग) आली. बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणाऱ्या जादा फुटी) तर इतक्या की घड दिसेनात. ओळखीचे म्हणतात, जुनाट वाण आहे, उपटा आणि सोव्हिन्याँ द्राक्ष लावा. माझा हात धजत नाही. केर्नरची चांगली कोरडी (गोड नसलेली) वाइन कुणी केली आहे का?

ब्रिक्सेनकर
ताई, उपटू नका.

मी इटलीच्या उत्तरेला, दक्षिण टिरोलमध्ये ब्रिक्सेनजवळ एका वायनरीत सहा हंगाम काम करतोय. इथल्या आयझाक खोऱ्यात केर्नरला मोठा मान आहे. ११४२ साली स्थापन झालेला नॉयश्टिफ्टचा मठही केर्नरची वाइन करतो. बागा ६०० मीटरच्या वर, दिवसा ऊन, रात्री गारठा, म्हणून साखर चढली तरी आंबटपणा टिकतो. आणि तुमचा ट्रॉलिंगर म्हणजे आमच्याकडचं ‘फेर्नाच’ हे द्राक्ष. केर्नर इथे आजोळी नांदतोय.

वाइन पातळ आणि गोडसर, या तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बागेत आणि तळघरात आहे, वाणात नाही. केर्नर भरपूर माल देतो आणि तरीही साखर धरतो. याच गुणापायी लोकांनी वेली लादल्या, स्वस्त गोड वाइन काढली आणि त्याचं नाव खराब केलं. याचं मला खरंच वाईट वाटतं. फेब्रुवारीच्या छाटणीत वेलीला एकच काडी ठेवा, आठ-दहा डोळ्यांची (कोंबांची). पुढे फुटीला एक घड. वेलीला दीड किलोच्या वर जाऊ नका. डोळे उशिरा फुटतात, त्यामुळे वसंतातल्या कडाक्यातून तो बऱ्याचदा वाचतो. रीसलिंगचं रक्त असूनही हलक्या जागेवर पिकतो. असा वाण हातचा घालवू नये.

काढणी सकाळी गारव्यात. रसातली साखर २१-२२ ब्रिक्स (साखर मोजायचं एकक), बी तपकिरी. रस रात्रभर थंडीत निवळू द्या, मग १६ ते १८ अंशांवर आंबवा. गोडसर राहिली म्हणजे यीस्ट मध्येच थांबलं असावं. तळघर किती गार होतं?

दिंडोरीचा_दादा
भुरीबद्दल सांगतो, कारण वीस वर्षं तिच्याशीच झुंजतोय. आपल्याकडे काय नि तिकडे काय, दाट पसारा म्हणजे भुरीला आमंत्रण. बगलफुटी कोवळ्या असतानाच बोटानं मोडा, दर दहा दिवसांनी फेरी मारा. फुलोरा झाला की घडाजवळची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूनं काढा. दुपारच्या बाजूची राहू द्या, नाहीतर मणी भाजतात. पाण्यात मिसळणारं गंधक भुरी दिसण्याआधी फवारायचं, पारा तिशीच्या वर असेल तेव्हा नाही.

निफाडची_लेक
दादा, बगलफुटींसाठी मी जुलैपर्यंत थांबले होते. आई दर आठवड्याला बागेत का फिरायची ते आता कळतंय.

ब्रिक्सेनकर, तळघर नोव्हेंबरात ९ अंशांवर गेलं होतं. आजोबा म्हणाले, थांबली म्हणजे झाली, आणि आम्ही बाटल्या भरल्या.

ब्रिक्सेनकर
मग तिथेच थांबली. यंदा पिंप कांबळ्यात गुंडाळा, जवळ हीटर ठेवा आणि हायड्रोमीटरचा (रसाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा आठवडाभर हलला नाही तरच झाली समजा. नंतर गाळावरच मार्चपर्यंत ठेवा, त्यानं पातळपणा बराच जातो. आणि उरलेल्या गोड बाटल्या थंड जागी ठेवा, त्या पुन्हा आंबू शकतात.

निफाडची_लेक
बाटल्या आजच खाली नेते. छाटणीला आजोबांना खुर्ची टाकून बागेत बसवणार आहे. कुठली काडी ठेवायची ते त्यांनी दाखवायचं, कात्री मी चालवणार.