फाळके स्मारकात कमलाबाईंचा पुतळा हवा का?

गोदाकाठ: परवा पाहुण्यांना घेऊन पांडवलेणीखालच्या फाळके स्मारकात गेलो. त्यांच्या पोरानं विचारलं, "पहिली हिरोईन कोण?" सहा मोठी माणसं, एकालाही सांगता येईना. अहो, कमलाबाई गोखले! १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मधली मोहिनी, वय जेमतेम तेरा. फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं त्यानंतरचा चित्रपट, म्हणजे बाई आपल्याच. पुतळा हवाच.

खडूस पंचवटीकर: पहिली म्हणून मोठी, हे काही पटत नाही. त्यांनी दार उघडलं म्हणावं, तर त्यातून आत कोण आलं? १९१७च्या 'लंकादहन'मध्ये सीता अण्णा साळुंके. राम पण तेच! खुद्द फाळकेच पुन्हा पुरुषाकडे वळले. खरा फरक पाडला दुर्गा खोट्यांनी. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'तली तारामती साळुंके, १९३२च्या 'अयोध्येचा राजा'तली तारामती दुर्गाबाई. चांगल्या घरातली, शिकलेली बाई पडद्यावर आली. पुतळा त्यांचा करा.

गोदाकाठ: दुर्गाबाईंना १९८३चा फाळके पुरस्कार आहे, त्यांना कोण विसरलंय? आणि "चांगल्या घरातली" म्हणजे काय हो? फाळके बदनाम वस्तीत विचारून आले, तिथल्या बायकांनीही नाही म्हटलं. म्हणून तर हॉटेलात काम करणारा साळुंके तारामती झाला. अशा वेळी कमलाबाई उभ्या राहिल्या.

सातपूरची माई: उभ्या राहिल्या की उभं केलं? तेरा वर्षांच्या पोरीला विचारतंय कोण! निर्णय आईचा, दुर्गाबाई कामतांचा. त्याच चित्रपटात त्या पार्वती होत्या. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई पोरीला घेऊन नाटकात शिरली, त्या काळात. लोक काय काय बोलले असतील, आम्हा बायकांना सांगायला नको. पुतळा करायचाच तर मायलेकींचा करा.

खडूस पंचवटीकर: माई, तुमचं पटलं. पण कमलाबाईंची कारकीर्द खरी रंगभूमीवरची. नवरा लवकर गेला, नाटकांवर पोरं वाढवली, पुरुषांच्या भूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. हे सगळं मानतो. मग पुतळा कालिदास कलामंदिरात बसवा ना, फाळके स्मारकात कशाला?

गोदाकाठ: आणि १९८०चा 'गहराई'? ऐंशीच्या घरातली बाई कॅमेऱ्यासमोर होती. तो काय नाटकाचा प्रयोग होता?

सातपूरची माई: कालिदासला बसवला तर निदान मध्यंतरात चहा पिताना लोक पाटी तरी वाचतील.