मदत हवी आहे: कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडिअम टाकलं तर?

नमस्कार मंडळी,

घरी दहावीच्या शिकवण्या घेते. परवा सांगत होते, की ॲल्युमिनिअम आणि जस्त आम्लातून हायड्रोजन सोडतात, तसाच सोडिअम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, द्रावणातूनही. कोपऱ्यातून प्रश्न आला, "मॅडम, त्यात सोडिअमच टाकलं तर?" मी ठोकून दिलं, काही होणार नाही, दोन्ही एकाच घरचे. रात्री अंथरुणावर पडल्यावर ट्यूब पेटली: अगं, त्या द्रावणात पाणी आहे की!

दुसरा गुंता. एका व्हिडिओत सोडिअमचा तुकडा पाण्यावर सुसाट पळतो, संहत हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र त्याहून शांतपणे फसफसतो. आम्लात जोर जास्त हवा ना? जाणकारांनी सांगा, उद्या वर्ग आहे.

प्रतिसाद 1
ट्यूब बरोबर पेटली. सोडिअमची झटापट पाण्याशीच, हायड्रॉक्साइड नुसता बघ्या. द्रावण जितकं तीव्र, तितकं मोकळं पाणी कमी आणि वेगही मंद. ॲल्युमिनिअमची गोष्ट निराळी. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर उभयधर्मी (आम्ल आणि अल्कली दोन्हींशी अभिक्रिया करणारा), म्हणून अल्कली तो खाऊन टाकते, आतला धातू उघडा पडतो आणि ॲल्युमिनेट बनतं. सोडिअमचा ऑक्साइड निव्वळ आम्लारिधर्मी, तिथे असं काही व्हायला वावच नाही.

व्हिडिओही खोटा नाही. संहत आम्लात क्लोराइड आयन आधीच ठासून भरलेले, त्यामुळे तयार झालेलं मीठ विरघळत नाही. तुकड्यावर त्याचं पांढरं कवच बसतं आणि आम्ल आत पोचत नाही. विरल आम्लात मीठ विरघळतं, मग अभिक्रिया पाण्यापेक्षा भडक होते, स्फोटही होतो.

प्रतिसाद 2
अवांतर: पाणी अजिबात नसेल तर? पूर्वी कास्टनरच्या पद्धतीत वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातूनच विजेने सोडिअम काढत. सोडा 318 अंश सेल्सिअसला वितळतो, आणि रस 330 च्या आसपासच ठेवावा लागे. जास्त तापला की काढलेलं सोडिअम पुन्हा त्याच रसात विरघळायचं! म्हणजे "एकाच घरचे" अगदीच चूक नव्हतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! उद्या आधी माझी चूक फळ्यावर. केरोसीनमधलं सोडिअम ओळखीच्या प्रयोगशाळेतून मिळेल, चिमूटभर दाखवू का?

प्रतिसाद 1
घरात नको. आम्लात तर नकोच नको. व्हिडिओच दाखवा.